“ठेवून द्या माझ्यासाठी” म्हणणाऱ्यांना



इथे आपण सगळे पांढुर्णा-सौंसरच्या आठवणी लिहितो. कोणी नॅरोगेजच्या गाडीच्या लिहितं, कोणी पोळ्याच्या, कोणी जाम नदीच्या पुराच्या. वाचून बरं वाटतं. मीही आठवणच सांगणार आहे, पण आज जरा भांडायला आलो आहे हे आधीच सांगतो. ज्यांना गोड वाचायचं असेल त्यांनी पुढच्या पोस्टवर जावं, राग नाही.

भांडण आहे ते छंदाच्या वस्तू विकत घेणाऱ्यांशी. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, तबकड्या, वाल्वचे रेडिओ, घड्याळं, कॅमेरे. आपल्या पिढीतल्या पुष्कळ घरांत असा एखादा खण आहेच. माणूस गेला की किंवा घर लहान झालं की तो खण रिकामा करायची वेळ येते. मुलं नागपूर, पुणे, बंगलोर, अमेरिकेत. त्यांना त्यात गोडी नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. मग आपण चार ओळखीच्या छंदिष्टांना कळवतो, फोटो पाठवतो. आणि लगेच उत्तर येतं, “काका, सगळं मी घेतो. फायनल. दुसऱ्या कोणाला देऊ नका, माझ्यासाठी ठेवून द्या.”

या “ठेवून द्या” वर माझा आक्षेप आहे.

झालं काय ते सांगतो. सौंसरला माझे एक मित्र होते, शाळेत मास्तर. तिकिटांचा छंद आम्हा दोघांनाही लहानपणापासून. मी बँकेत लागलो, बदल्यांमध्ये माझा संग्रह अर्धा हरवला, अर्धा वाळवीने खाल्ला. मास्तर एकाच गावात राहिले, त्यांचा वाढत गेला. आठ अल्बम. स्वातंत्र्यानंतरची बहुतेक सगळी तिकिटं, वर्षावार. २१ नोव्हेंबर १९४७ चं ‘जय हिंद’ लिहिलेलं साडेतीन आण्याचं पहिलं तिकीट. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार निघाली होती, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्यातली पहिली तीन मास्तरांकडे कोरी होती. दहा रुपयांचं नव्हतं. त्या काळी दहा रुपयांचं तिकीट घेऊन अल्बमात लावणारा माणूस आपल्या तालुक्यात कुठला! १९५८ चं महर्षी कर्व्यांचं पंधरा नव्या पैशांचं होतं. अण्णासाहेब तेव्हा शंभर वर्षांचे आणि हयात. जिवंत भारतीय माणसाचं चित्र तिकिटावर येण्याची ती पहिलीच वेळ, हे मास्तर दरवर्षी नव्या वर्गाला सांगायचे आणि अल्बम शाळेत नेऊन दाखवायचे. हात धुवून या रे, मग पाहा.

मास्तर गेले. वहिनींनी घर विकायचं ठरवलं, मुलीकडे नागपूरला जायचं होतं. मला म्हणाल्या, “भाऊजी, ही तिकिटं तेवढी तुम्ही पाहा. मला यातलं काही समजत नाही. योग्य माणसाच्या हातात जाऊ द्या आणि जे येतील ते या घराच्या शेवटच्या खर्चाला होतील.” एकतीस वर्षं मी माणसाची पत पाहून कर्ज दिलं. वाटलं, आठ अल्बम विकणं म्हणजे काय मोठं काम.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या एका गृहस्थांशी सौदा ठरला. बोलणं नम्र, तिकिटांची जाण चांगली. मास्तरांनी अमुक वर्षाचं कसं मिळवलं असेल, असे प्रश्न विचारले. अडतीस हजार रुपये ठरले. मी बयान्याचा विषय काढला तर म्हणाले, “काका, आपल्यात काय बयाना? आपण छंदवाले लोक. येत्या शनिवारी मी स्वतः गाडी घेऊन येतो.” मला लाज वाटली. खरंच वाटली. उगाच व्यापाऱ्यासारखं बोललो असं झालं. बयान्याचं सोडून दिलं.

तो शनिवार आला नाही. पुढच्या शनिवारी मुलीची ॲडमिशन. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाऊस. मग ऑफिसात ऑडिट. प्रत्येक वेळी फोन उचलत होते, हे विशेष. “काका, सौदा पक्का आहे, तुम्ही निश्चिंत राहा.” याच काळात मुलताईचा एक तरुण शिक्षक माझ्याकडे आला. दोन बस बदलून आला. चौतीस हजार रोख द्यायला तयार होता, अल्बम मांडीवर घेऊन तासभर पाहत बसला. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, “बाबा, शब्द दिला आहे.” तो म्हणाला, “काही हरकत नाही काकाजी, शब्द तो शब्द.” गेला.

जुलैच्या शेवटी पुण्याचे गृहस्थ आले एकदाचे. अल्बम उघडले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “यात मला वाटलं तेवढं काही नाही. पंधरा हजार देतो.” वहिनी समोर बसलेल्या. सामान निम्मं बांधून झालेलं. त्यांना ठाऊक होतं की घर रिकामं करायची तारीख जवळ आली आहे. ठाऊक होतं कारण मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं. बँकेत असताना नव्या मुलांना मी शिकवायचो की आपली अडचण समोरच्या पार्टीला कधी सांगू नये. म्हातारपणी स्वतःच विसरलो.

नाही म्हणालो. ते गेले. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. सामान हलवताना अल्बम मागच्या टिनाच्या खोलीत ठेवले होते, आज जातील उद्या जातील म्हणून. कोऱ्या तिकिटाच्या मागे गोंद असतो. हवेतली ओल लागली की तो पाघळतो, तिकीट पानाला चिकटतं. सोडवायला गेलं तर फाटतं, भिजवून सोडवलं तर गोंद जातो, आणि गोंद गेला की कोऱ्या तिकिटाची किंमत पडते. वर पिवळे ठिपके येतात ते वेगळेच. आठातले तीन अल्बम असे गेले. कपाटात नेप्थलीनच्या गोळ्या आणि शाईकागद घालून मास्तरांनी पन्नास वर्षं सांभाळलेले, एका पावसाळ्यात.

मुलताईच्या मुलाला फोन केला. बिचारा म्हणाला, “काकाजी, ते पैसे बहिणीच्या फीमध्ये गेले.” उरलेलं तुकड्यातुकड्याने विकलं, एकवीस हजार आले. म्हणजे मुलताईवाल्याला दिलं असतं त्यापेक्षा तेरा हजार कमी. ते मी वहिनींना देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत, चहा दिला. बोलल्या एवढंच, “तुम्ही म्हणाला होता ना भाऊजी, की माणूस पक्का आहे.”

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही, म्हणून हे सगळं लिहितो आहे.

आता मला फोनवर समजावणारे काही जण आहेत. त्यांचं म्हणणं, “साहेब, छंदात हिशेब आणू नका. घेणाऱ्याचं मन बदलू शकतं. तुमची वस्तू तर तुमच्याकडेच राहिली, नुकसान काय झालं?”

वस्तू माझ्याकडे राहिली, नुकसान काय! हे बोलणाऱ्याने आपल्या भागात एकदा संत्र्याच्या बगीच्यात उभं राहून हेच वाक्य म्हणून पाहावं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी बगीचे आहेत, तुम्हाला मी काय सांगू. व्यापारी झाडावरचा माल पाहतो, ठोक भाव ठरवतो, बयाना देतो आणि जातो. त्या दिवसापासून बगीचेवाला दुसऱ्या कोणाशी बोलत नाही. पुढे नागपूरचा भाव चढला तर हा तोडीला धावत येतो. भाव पडला की फोन लागत नाही. “काकाजी, मजूर नाही भेटून राहिले.” “गाडी नाही.” फळ झाडावरच. आंबिया बहाराचं फळ वेळेत उतरलं नाही तर डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण कसा द्यायचा? ताण नाही बसला तर पुढचा बहार फुटणार कसा? म्हणजे या वर्षीचं तर गेलंच, पुढच्या वर्षाचंही नडलं. माल तर तुमच्याकडेच राहिला होता की. झाडाखाली सडत.

विकणाऱ्याला वेळ थांबवून ठेवता येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. घर रिकामं करायची तारीख असते, पावसाळा असतो, दुसरं गिऱ्हाईक परत जातं. “ठेवून द्या” म्हणणारा माणूस यातलं सगळं फुकटात मागतो आणि वर त्याला छंदाचं प्रेम म्हणतो.

आणि शब्दाला किंमत लावणं हे आपल्या लोकांना नवीन आहे का? सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. ठरला की काही रक्कम हातात पडते, मग वर्षभर ना तो दुसरीकडे जात ना मालक दुसरा पाहत. लग्नात सुपारी फुटते ती काय चघळायला? इसार, बयाना, सुपारी, नावं वेगळी, काम एकच. घेणाऱ्याने मोडलं तर इसार बुडाला, देणाऱ्याने मोडलं तर दुप्पट परत, ही आपल्याकडची जुनी रीत. यात कोणी कोणाचा अपमान केला असं आजोबांना वाटलं नाही. मग पाचशे रुपये बयाना मागितला की यांना अपमान का वाटतो? ज्याला घ्यायचंच आहे त्याचं पाचशेत काय जातं?

बँकेतला एक अनुभव सांगतो. आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात चेक न वटता परत गेला तर देणाऱ्याला नामुष्की वाटायची, पण कायद्याने तो फौजदारी गुन्हा नव्हता, दिवाणी दावा लावत बसा. छोट्या गावात नामुष्की पुरत होती. ज्याचा चेक परत जाई तो पंधरा दिवस शाखेच्या रस्त्याने येत नसे. व्यवहार वाढला, माणसं एकमेकांना अनोळखी झाली, नामुष्की पुरेनाशी झाली. शेवटी १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ आलं आणि चेक न वटणं शिक्षेचं झालं. त्या कलमाचे पुढे काय हाल झाले, कोर्टात किती ढीग साचले, तो वेगळा विषय. पण तेव्हा कोणी असं म्हणालं नाही की चेकच्या मागे कायदा लावला म्हणजे खातेदारावर अविश्वास दाखवला. पुण्याचे गृहस्थ मला कुठे रस्त्यात भेटणार आहेत? त्यांना कसली नामुष्की?

घेणाऱ्याची बाजू मला समजत नाही असं नाही. तोही घाबरलेला आहे. आगाऊ पैसे पाठवले आणि खोक्यात रद्दी आली, असं झालेले लोक मी पाहिले आहेत. तिकीट नकली निघतं, नाणं घासून चमकवलेलं असतं. तो म्हणेल आधी वस्तू दाखवा, तर त्याचं बरोबर आहे. मागितले तर दहा फोटो पाठवा, मागची बाजू दाखवा, डाग असेल तर डाग दाखवा, व्हिडिओवर पान उलटून दाखवा. तोवर त्याने हवं तितकं नाही म्हणावं. सरळ “नाही घेत” म्हणणाऱ्याशी माझं काही भांडण नाही, उलट त्याचे उपकार मानतो. भांडण “हो” म्हणून गायब होणाऱ्याशी आहे, आणि “हो” म्हणून दारात येऊन भाव पाडणाऱ्याशी तर जास्तच.

लबाडांची तिसरी जात आहे, ती तर वेगळीच. आपल्याकडे खेड्यापाड्यात फोन येतात, तुमच्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे का, ७८६ नंबरची नोट आहे का, दहा लाख देतो, फक्त नोंदणीचे दोन-अडीच हजार आधी पाठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आमच्या नावाने कोणी फी किंवा कमिशन मागितलं तर देऊ नका. तरी लोक देतात. दुसरा प्रकार, “मी फौजी बोलतोय, वस्तू पसंत आहे, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील.” अहो, यूपीआयमध्ये पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. आपल्या घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना हे एकदा बसवून सांगा. पण हे सरळ चोर आहेत, त्यांना पोलीस आहेत. मला जास्त त्रास होतो तो सज्जन दिसणाऱ्या, जाणकार, “आपण छंदवाले लोक” म्हणणाऱ्या माणसाचा. त्याच्यावर कुठे तक्रार करणार?

आता एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर हे सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

१९६४ ची गोष्ट असेल. मी तेरा वर्षांचा. मुंबईच्या एका तिकीटवाल्याची जाहिरात पाहून मी पोस्टकार्ड टाकलं, परदेशी तिकिटांचं पाकीट व्ही.पी.पी.ने पाठवा. तीन रुपये काही पैसे. पैसे जमवले होते. पण पाकीट यायच्या आधी पोळा आला, दुसऱ्या दिवशी गोटमार. जत्रेत पैसे संपले. सावरगावच्या बाजूला पाळण्यात बसलो, भजी खाल्ली, एक पत्र्याची शिट्टी घेतली. दोन दिवसांनी डाकिया दारात. मी आतून ओरडलो, “घरी कोणी नाही.” तो हसला असणार. व्ही.पी. सात दिवस पोस्टात राहते, मग परत जाते. सात दिवस मी पोस्टाच्या गल्लीने शाळेत गेलो नाही.

पोस्टमास्तर बाबांच्या ओळखीचे. आठव्या दिवशी बाबांना कळलं. मला वाटलं आता मार बसणार. बाबांनी मला पोस्टात नेलं, पाकीट परत गेलंय याची खात्री केली, त्या तिकीटवाल्याचा जाण्यायेण्याचा पोस्टेज किती झाला ते पोस्टमास्तरांकडून लिहून घेतलं आणि तेवढ्याची मनीऑर्डर मला माझ्या हाताने भरायला लावली. कूपनवर काय लिहू विचारलं तर म्हणाले, “जे झालं ते लिही.” मी लिहिलं, पैसे जत्रेत खर्च झाले, माफ करा. मनीऑर्डरची पोच आली. महिन्याभराने त्या दुकानदाराने साध्या टपालाने एक छोटं पाकीट पाठवलं, पाच-सहा तिकिटं, पैसे न मागता. हंगेरीचं एक त्रिकोणी होतं त्यात. बाकीचा संग्रह गेला, ते एक अजून आहे माझ्याकडे.

म्हणजे मीही “ठेवून द्या”वाल्यांपैकीच होतो. फरक इतकाच की मला धरून पोस्टात नेणारं कोणीतरी होतं.

तर माझ्यापुरतं मी ठरवलं आहे आणि आपल्या लोकांनीही असंच करावं, असा माझा आग्रह आहे. भाव आधी, एकदाच, लिहून. मोठी वस्तू असेल तर दहा टक्के, लहान असेल तर पाचशे रुपये बयाना त्याच दिवशी. बयाना आला तर पंधरा दिवस वस्तू त्याची, त्या पंधरा दिवसांत कोणी दुप्पट भाव दिला तरी मी दुसऱ्याला देणार नाही. सोळाव्या दिवशी वस्तू मोकळी. बयाना नाही तर “ठेवून द्या” नाही, मग समोरचा कितीही मोठा संग्राहक असो. दुसऱ्या नंबरचं गिऱ्हाईक कधीही परत पाठवायचं नाही, त्याचं नाव-फोन लिहून ठेवायचं आणि त्याला खरं सांगायचं की तू दुसरा आहेस. पुरे पैसे आल्याशिवाय पोस्टात टाकायचं नाही, आणि टाकायचं ते स्पीड पोस्टाने, पावती जपून. (रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच मिळवून टाकलं, हे ऐकून मास्तरांना फार वाईट वाटलं असतं.) वस्तूत सांगितलं नव्हतं असं वैगुण्य निघालं तर बयान्यासकट सगळे पैसे परत, वाद नाही. आणि आपली अडचण, आपली तारीख, घर विकलंय, वहिनी एकट्या आहेत, हे काही म्हणजे काही सांगायचं नाही.

एक जण म्हणाला, साहेब, इतके नियम केले तर गिऱ्हाईकच येणार नाही. नाही आलं तर नाही आलं. दहा “फायनल”वाले येण्यापेक्षा मुलताईहून दोन बस बदलून येणारा एक बरा.

मास्तरांचा एक अल्बम अजून माझ्याकडे आहे, १९५७ ते १९६४, नव्या पैशांच्या काळातला. कर्व्यांचं तिकीट त्यातच आहे. ओल लागलेली नाही, मी स्वतः पान न् पान पाहिलं आहे. वहिनी गेल्या महिन्यात नागपूरला गेल्या. जाताना म्हणाल्या, हा घाईने विकू नका. भाव साडेतीन हजार, त्यात एक रुपया कमी नाही. मुलताईच्या मुलाला आधी विचारलं आहे, या रविवारी येतो म्हणाला. बयाना मी मागायच्या आधीच त्याने पाठवला. तरी दुसऱ्या नंबरला कोणाला नाव लिहायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर फोन करा. दुपारी मी झोपतो.